ठमीचं पहिलं बाळंतपण

१२ फेब्रुवारी

सुटली एकदाची! ठमीला चार पिल्लं. भटक्या मांजरांच्या संस्थेच्या बाईंनी गाभण म्हणून आणून सोडली तेव्हा पोट जमिनीला टेकत होतं, मला वाटलं सहा तरी निघतील. चारही धडधाकट. मागच्या खोलीत हिटर, खोक्यात जुनी चादर, सगळं आधीच मांडून ठेवलं होतं.

बयेला मात्र आईपणाचा पत्ताच नाही. पिल्लं लुचायला आली की उठते आणि खिडकीशी जाऊन बसते. पहिलटकरीण! पण पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेल्याशिवाय पिल्लू तगत नाही, हे मीच सगळ्या नवख्यांना शिकवत आलेय. मांडीत दाबून धरली आणि एकेक पिल्लू सडाला लावलं. दिवसभर तेच. हात ओरबाडला तिने. ओरबाडू दे. चौघांची पोटं टम्म झाली तेव्हाच सोडलं.

हे दारातून म्हणाले, "तिला नको असेल तर राहू दे की." उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय!

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी बाई पुन्हा हजर. पिशवीत एक पोरकं पिल्लू, कुठल्याशा दुकानामागे सापडलेलं. "बाळंतीण आहेच तुमच्याकडे. चारात पाचवं."

नवीन जनावर आधी पंधरा दिवस वेगळ्या खोलीत, हा संस्थेचाच नियम. पण एवढ्याशा जिवाला वेगळं ठेवायचं म्हणजे उठता-बसता बाटली. कंबर आधीच गेलीय माझी. ठमीच्या चादरीवर चोळून चोळून तिचा वास लावला आणि खोक्यात सरकवलं. तिने हुंगलं, चाटलं, आणि चक्क स्वतःहून आडवी झाली! पाचही जण ओळीने प्यायला लागले. नाव ठेवलं गोट्या.

१४ फेब्रुवारी

चट्टेपट्टेवालं पिल्लू बाजूला पडलंय. पीत नाही. पुसायला गेले तर शू काळ्या चहासारखी. इतकी बाळंतपणं केली, असं कधी पाहिलं नाही. गोट्या मात्र मजेत लुचतोय.

१५ फेब्रुवारी

चट्टेपट्टेवालं गेलं. दुपारपर्यंत करड्या रंगाचंही. हिरड्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. ठमी त्यांना चाटत बसली होती, मला काढून घ्यावी लागली.

उरलेल्या दोघांना आणि ठमीला घेऊन डॉक्टरबाईंकडे. त्यांनी तिघांचं रक्त घेतलं. "रिपोर्ट येईपर्यंत मी अंदाज बांधणार नाही. तुम्हीही बांधू नका."

घरी आले तर गोट्या खोक्यात एकटाच पसरलेला, पोट नगाऱ्यासारखं. पहिल्यांदाच त्याला हात लावावासा वाटला नाही.

१६ फेब्रुवारी

तिसरंही गेलं.

बाईंना फोन केला. सरळ विचारलं, गोट्याची भावंडं कुठे आहेत? त्या ठमीच्या खाण्याचं विचारायला लागल्या. पुन्हा विचारलं. "अहो, ती मेलेलीच सापडली. थंडीने असतील."

थंडीने म्हणे! साथीचं पोर माझ्या गळ्यात मारलं आणि वर मखलाशी. बोलले, नाही नाही ते बोलले. हे म्हणाले, "डॉक्टर थांबा म्हणाल्यात ना?" थांबून काय करू? एकच उरलंय, पांढरं. त्याला वाचवायचंय मला.

आता हे लिहितानाही गोट्या आत घुरघुरतोय, ऐकू येतंय. एवढासा जीव, पण मला त्याची भीती वाटते. आज त्याचे डोळे किलकिले झाले आणि तो माझ्याकडेच बघत होता.

१७ फेब्रुवारी

गोट्याला ठमीपासून ओढून काढलं आणि बाईंच्या दारात नेऊन दिलं. "माझ्याकडे दूध देणारी एकही नाही हो. आणि बाटली कुठे शिकलाय तो?" मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा.

खोली दोनदा धुतली, चादर जाळली. ठमी दाराशी ओरडतेय. हे ताट उचलून बाहेरच्या खोलीत जेवायला गेले. जाऊ देत.

१८ फेब्रुवारी

पांढरंही गेलं. माझ्या तळहातावर.

ठमी अजून दाराशीच. सड दगडासारखे झालेत तिचे, गरम फडक्याने शेकते आहे. मला बघून फिस्कारत नाही आता, तेच जास्त लागतं.

१९ फेब्रुवारी

बाईंचा निरोप आला. गोट्याने बाटली धरलीच नाही. पहाटे गेला.

सुंठीवाचून खोकला गेला. लिहिलं आणि खोडणार नाही. चार जीव खाल्ले त्याने माझे.

२० फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा फोन. साथ नव्हतीच. ठमीचा रक्तगट वेगळा, पिल्लांचा वेगळा. अशा वेळी आईचा पहिल्या दिवसाचा चीकच पिल्लांना मारतो. दुसऱ्या दिवसापासून तेच दूध चालतं. गोट्याला काही झालेलं नव्हतं.

"तो एक दिवस आईपासून लांब राहिली असती तर वाचली असती," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तरी काय करणार? पिल्लं आपणहून पितातच."

मी हो म्हणाले.