नेऱ्याच्या पुढची पांढरी रेघ

५ नोव्हेंबर २०१३, मंगळवार
भाऊबीज आटोपून राजस दुपारच्या गाडीने बंगलोरला परत गेला. चार दिवस घरी होता. आमचं बापलेकांचं बोलणं एकूण वीस वाक्यं, त्यातली बारा पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल. निघताना मात्र लॅपटॉपवर फोटो दाखवले. लोक डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या खडीच्या रस्त्यांवर सायकली चालवतात म्हणे. याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात. तोही दर रविवारी जातो.
मी म्हणालो, आमच्या पनवेलच्या मागे माथेरानचा अख्खा डोंगर पडलाय. तो म्हणाला, रूट आहे का? एकोणतीस वर्षं बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी केलेल्या माणसाला विचारतोय! म्हणालो, आखून देतो. तर म्हणाला, सव्वीस जानेवारीला रविवार आहे, शुक्रवारची रजा टाकून येतो, दोघं जाऊ.
स्वतःहून म्हणाला. मी विषयसुद्धा काढला नव्हता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
लंच टाइममध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उपग्रहाचा फोटो उघडला. पनवेल ते नेरे डांबरी. पुढे मालडुंगे. आणि तिथून डोंगराच्या पायथ्याने थेट धोदाणी गावापर्यंत एक पांढरीशुभ्र रेघ. खडीचा रस्ता! वळणं इतकी सुरेख की आमच्या खात्याने केलेला नाही हे नक्की.
ट्रेसिंग काढलं. खाली शेरा मारला, ‘समक्ष पाहणी केली.’ आमच्याकडे या शेऱ्याशिवाय नकाशा पुढच्या टेबलावर जात नाही, आणि समक्ष जायला जीप कुणाला मिळते? हात सवयीने लिहून गेला. परवा जाणारच आहे, तेव्हा शेरा खरा होईल.

१० नोव्हेंबर, रविवार
पहाटे ५.३० ला निघणार होतो. निघालो ८.१०. सायकल राजसची कॉलेजातली, सीट माझ्या मापाची नाही. सुकापूरपासून वारा समोरून. नेऱ्याला गंगाबाईची टपरी आहे, तिथे पाच मिनिटं टेकलो. चहा. वडापाव एक. (लहान होता, म्हणून दोन.) ऊन चढलं. नेरे म्हणजे जवळजवळ निम्मं अंतर झालंच. परत फिरलो. पहिल्या दिवशी घाई करू नये.
संध्याकाळी राजसला फोन केला. त्याने विचारलं, रूट कसा आहे? तोंडातून निघून गेलं, मस्त. मग तो वीस मिनिटं बोलला! खडी बारीक की जाड, चढ कसा, टायरमध्ये हवा किती ठेवता. इतका तो माझ्याशी दहावीत असताना शेवटचा बोलला होता. मधेच कुठे सांगणार की नेऱ्यावरून परत आलो?
शशिकला, राजसची आई, पोळ्या लाटत ऐकत होती. काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला आवडत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
कालही नेरे. दोष सायकलीचा. चढावर कुईकुई आवाज येतो, त्याने पायातली ताकद जाते. बद्रुद्दीनभाईंच्या दुकानात नेली. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, ब्रेक पाहिले, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाले, साहेब, सायकलीची तबियत एकदम दुरुस्त आहे. आवाज दुसरीकडून येत असेल.
जुनी माणसं. गिअरच्या सायकलीतलं त्यांना काय कळणार.

१ डिसेंबर, रविवार
नेरे. उजवा गुडघा.
राजसला फोनवर सांगितलं, मालडुंगेच्या पुढे खडी जरा मोकळी आहे, सांभाळून उतरावं लागतं. अभ्यास करून सांगितलं, उगाच नाही. फोटो झूम करून तासभर बघत होतो. पंचवीस मिनिटं बोलणं झालं. त्याच्या ऑफिसातल्या कटकटी सांगत होता. नोकरी बदलू का, असं मला विचारलं. मला!

१५ डिसेंबर, रविवार
गेलो नाही. हवा ढगाळ. राजसला ‘गेलो होतो’ सांगितलं. मनाने गेलोच होतो.
संकल्प: उद्यापासून रोज गच्चीवर वीस बैठका.

१६ डिसेंबर, सोमवार
बैठका ४. गच्चीवर शेजारच्या नीतावहिनी पापड वाळत घालत होत्या. त्यांच्यासमोर बरं दिसत नाही.

२९ डिसेंबर, रविवार
नेरे. गंगाबाई आता मला लांबून बघूनच वडे कढईत सोडते. हा आग्रह मोडवत नाही. वडापाव दोन. (तीन.)
नव्या वर्षात बघा.

१२ जानेवारी २०१४, रविवार
नवीन वर्षात दोन किलो वाढलो. स्नायूंचं वजन असावं.
खरं म्हणजे कंटाळा आलाय. दर शनिवारी गजर लावायचा, दर रविवारी तो बंद करायचा, मग उन्हातून नेरे, मग फोन. फोनच्या आधी काय सांगायचं ते जुळवायचं. आणि फोन ठेवल्यावर इतकं बरं वाटतं की पुन्हा गजर लावतो. आतापर्यंत मी धोदाणीला सात वेळा जाऊन आलोय. तिथे एक मोठं आंब्याचं झाड आहे असंही सांगून बसलोय. असेलच. कोकणात आंब्याचं झाड नसलेलं गाव कुठे आहे?

२४ जानेवारी, शुक्रवार
राजस आला. स्वतःची सायकल खोक्यात घालून आणलीये. नकाशा लॅमिनेट करून त्याच्या हातात दिला. बराच वेळ पाहत होता. म्हणाला, काय सुंदर काढलाय बाबा.
जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी, रविवार, दुपारी ४
पाय हलत नाहीत, पण लिहायला हवं.
६ ला निघालो. नेऱ्याला गंगाबाईने हाक मारली, काका, आज दोघं? मंग आज तरी फुडं जानार, का रोजच्यासारकं हितनंच मागारी? मी वाकून टायरची हवा बघू लागलो. राजस शांतपणे चहा प्यायला. पैसे देऊन म्हणाला, चला.
आयुष्यात पहिल्यांदा नेऱ्याच्या पुढे गेलो. चढ आहे. फोटोत चढ दिसत नाही. दोनदा उतरून ढकलत नेली. राजसही उतरून बरोबर चालला, त्याला गरज नव्हती. मालडुंगे सोडून नकाशाप्रमाणे डावीकडे वळलो आणि पांढरी रेघ आली.
भोपळ्याएवढे धोंडे. मधेमधे पाणी. पाण्यात चारपाच बायका कपडे धूत होत्या. त्यातल्या म्हातारीने विचारलं, रस्ता चुकला का तुमी? यो ओढा हाय. उन्हाळ्यात आटला का नुस्तं पांढरं पांढरं दिसतं. धोदाणीला जायला तिकडं डांबरी सडक हाय ना, यष्टी जाते.
सायकली आडव्या टाकून ओढ्यात पाय सोडून बसलो. राजसने नकाशा काढला. खालचा शेरा बोट ठेवून वाचला. म्हणाला, ही पाहणी कधी केली होतीत? मी म्हणालो, आत्ता.
मग सगळं सांगितलं. नेरे, वडे, ढगाळ हवा, आंब्याचं झाड. लाज वाटली, फार लाज वाटली. तो पाण्यात खडे टाकत राहिला. म्हणाला, आईने नोव्हेंबरातच सांगितलं होतं.
मी विचारलं, मग कशाला आलास रजा टाकून?
तो म्हणाला, तुम्ही दर रविवारी फोन करत होतात ना.

२७ जानेवारी, सोमवार
राजस पहाटे गेला. ऑफिसला दांडी. दोन्ही गुडघ्यांना शशिकलाने तेल लावून दिलं.
माझ्याकडच्या मूळ ट्रेसिंगवर ‘रस्ता’ खोडून ‘ओढा’ लिहिलं. शेरा तसाच ठेवला, आता तो खरा आहे. रविवारी डांबरी सडकेने धोदाणी. ५.३० ला.

२ फेब्रुवारी, रविवार
निघालो ८.४०. नेरे. वारा समोरून.
संध्याकाळी फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी लावला. म्हणालो, नेऱ्यापर्यंत गेलो, वडापाव खाल्ला, परत आलो. तो म्हणाला, किती खाल्ले? म्हणालो, दोन.
तो म्हणाला, बाबा.
म्हणालो, तीन.