हद्दीबाहेरचे मयत

परळ, १२ फेब्रुवारी १९५८

ती. चंपाताईस,
धाकट्या रामदासचा सप्रेम जयभीम, वि. वि.

चष्मा लागला म्हणून एवढी हसू नकोस. म्युनिसिपालटीत दिवसभर मयतांची नोंद करून तुझेही डोळे गेले असते.

काल गिरगावात भावोजींच्या मिलचे डॉक्टर विजयकर यांचं व्याख्यान ऐकलं. म्हणाले, कापूस पिंजायच्या खात्यातले कामगार गिरगावच्या कारकुनांपेक्षा निम्मेच मरतात. चारशेजणांत पाच वर्षांत फक्त चार! म्हणजे हवा उत्तम, पंखे बसवायची गरज नाही. टाळ्या पडल्या. ताई, आकडा खोटा नाही, ते चार मीच लिहिलेत. पण त्यात भावोजी नाहीत. ते गावी येऊन वारले, आणि आमच्या वहीत शहराच्या हद्दीतलाच मयत चढतो. खोकल्यातून रक्त पडलं की हा डॉक्टर गावच्या बोटीचं तिकीट हातात देतो. आणखी कुणाकुणाला दिलं, तेवढं विचारशील?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा रामदास


दापोलीजवळून, ९ मार्च १९५८

चि. रामदास यास,
ताईचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि चूल तशीच विझू दिली. अरे, त्या माणसाच्या मी पाया पडले होते! गावची हवा लागली की सुधारेल म्हणाला. हे नको नको म्हणत होते, मीच हट्टाने बोटीत बसवलं. वर त्या मेल्याला सुके बोंबील पाठवले. हात जळोत माझे.

पाटील मयतांच्या वहीला हात लावू देईना. मग मी आणि शेजारची कमल घरोघर फिरलो, नऊ गावं. कमलचा नवरा दौलतही जानेवारीत तसंच तिकीट घेऊन आलाय, अंथरुणाला खिळलाय. या पाच वर्षांत त्याच खात्यातून तिकीट घेऊन आलेले तेवीस मेले. मागे राहिलेल्या प्रत्येकीचा अंगठा घेतलाय, कागद सोबत आहे. भर सभेत त्याचं तोंड काळं झालेलं मला बघायचंय. तेवीसचे तीस केलेस तरी चालेल.

जेवत जा वेळेवर, आणि ताईला विसरू नकोस.
चंपा


परळ, ३० मार्च १९५८

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तीस करायचे नाहीत. एक जरी वाढवला तरी तो तेवढाच धरून बाकीचे खोटे ठरवील. मला त्याला असा धरायचाय की सुटायला जागा नको. आलेल्यांपैकी जिवंत किती, तेही कळव. मोजायचं तर सगळ्यांना मोजायचं.

आमच्या कचेरीतल्या साहेबांना कागद दाखवला. म्हणाले, गावचे मयत गावचे, आमच्या हद्दीत मेला तरच मुंबईचा. डॉक्टरही तेच म्हणाला आणि हसला. ते हसणं डोक्यातून जात नाही. जूनअखेर मिलमध्ये पंखे बसवायचे का याची चौकशी आहे, तिथेही तो हेच चार वाचणार.

तुझ्या मायेचा भुकेला,
रामदास


दापोलीजवळून, ४ मे १९५८

चि. रामदास यास,
आशीर्वाद, जयभीम.

आलेले सव्वीस, जिवंत तीन. एकही फुगवलेला नाही.

तुझ्या साहेबाचं बोलणं तिघांना वाचून दाखवलं. तिकडे भिंतींवर मुंबई आमची म्हणून लिहिता, मग तिच्यात राबून मेलेले मुंबईचे कसे नाहीत, असं मी खूप बडबडले. दौलत ऐकत होता. त्याला उठवत नाही, तरी म्हणाला, मग मला परत न्या. कमल पुष्कळ रडली, मग तिनेच त्याचे कपडे बांधले. बाकीचे दोघंही तयार झाले. मला त्यांना अडवता आलं असतं. मी अडवलं नाही, हे तुला लिहून ठेवते.

बुधवारच्या बोटीने येतोय. भाऊच्या धक्क्यावर हातगाड्या घेऊन ये, थेट परळच्या इस्पितळात न्यायचंय. आता वाचू दे त्याला चार. दौलत सारखा विचारतोय, तिथे मेलो तर खात्यासकट पुरतं नाव लिहितील ना. मी तुझ्या वतीने हो सांगितलंय.

तुझीच,
चंपाताई