"अर्थिंग घट्ट हाय, मामाजी"

प्रिय मामाजी,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन उद्या वर्ष होतं. सकाळी शेजारचे किसनदादा उद्याच्या पंगतीच्या सतरंज्या टाकायला आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "आबाले उभ्या जन्मात कोनी हरवलं नाही वहिनी, पन त्या डबड्या गाडीनं हरवलं." सगळे हसले. प्रेमानंच हसले. मी मात्र आत निघून आले. उद्या पंगतीत हीच गोष्ट निघणार, मला ठाऊक आहे. पण तिची खरी बाजू लोकांच्या आधी तुम्हाला सांगायला नको का? म्हणून आजच लिहायला बसले.

गाडीनं नाही हरवलं तुम्हाला, मामाजी. मी हरवलं.

लग्न होऊन वडनेरला आले तेव्हा चार महिने तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, ही घरची रीत. मी समोर उभी असले तरी तुम्ही आईंना म्हणायचे, "तिले सांगा, चहात साखर जास्त झाली." मी काय भिंत होते का? मग एके दिवशी तुमची मोटारगाडी रुसली. घरात दुसरं कोणी नाही, आणि सेल्फला, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या त्या छोट्या मोटरला, ठोकायला एक माणूस लागतो तर चावी फिरवायला दुसरा. तुम्ही बोनेटमध्ये डोकं घालून ओरडले, "सूनबाई, मार सेल्फ!" डोक्यावरचा पदर सावरत मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं ते. त्यानंतर काय, तुमचं तोंड बंदच होईना!

तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते तुम्ही. आवाजावरून दुखणं ओळखायचे. "टकटकटक वाजलं त बॅटरी. टर्मिनल गरम पान्यानं धुवाचे, व्हॅसलीन लावाचं. एकच टक वाजलं त सेल्फ अडकला. लोखंडी पान्याच्या दांड्यानं हळूच ठोकाचा, पाहुन्याले उठवतो तसा. हानाचा नाही! अन् लाइट लखलखीत, हॉर्न खणखणीत, तरी सेल्फ मेलेला, त काय? सारे बॅटरीले शिव्या देतात, अर्थिंग कोनी पाहत नाही." अर्थिंग म्हणजे इंजिनापासून बॉडीला जाणारी ती तांब्याची पट्टी. ती सुटली की बाकी सगळं ठीक असून सेल्फ फिरत नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

तुमचे गुडघे गेले तेव्हा पोतं अंथरून गाडीखाली जायचं काम माझ्याकडे आलं. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "पाहा माय, फिटरीन!" मला राग नाही यायचा. उलट अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग डोळे गेले. काचबिंदूनं बाजूचं दिसेना, आणि तुम्ही काही कबूल करेनात. नांदुऱ्याच्या रस्त्यावर एक सायकलवाला तुमच्या गाडीच्या आरशाला लागून पडला. गुडघा खरचटण्यावर निभावलं. वर तुम्ही त्यालाच म्हणाले, "दिसत नाही का बे तुले?" आमच्या तर तोंडचं पाणी पळालं. तुमचा लेक मला म्हणाला, "बाबाले सांगाची माही हिंमत नाही. तुले गाडीतलं समजते, तूच काही कर."

आणि मी केलं. तुम्ही दुपारचे झोपलेले असताना गाडीखाली गेले, पट्टी बोल्टवरून काढली, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळली आणि तिथंच वर खोचून दिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चावी फिरवली. लाइट लागले, हॉर्न वाजला, सेल्फ काही हलला नाही. तुमचा पहिलाच प्रश्न, "सूनबाई, अर्थिंग पाहा बरं." मी पोतं अंथरलं, खाली गेले, त्या ट्यूबकडे पाहत थोडा वेळ पडून राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "घट्ट हाय, मामाजी."

तुम्ही पुन्हा विचारलंच नाही! पोटच्या लेकानं आवळलेला नट दोनदा तपासणारे तुम्ही, माझ्या एका शब्दावर थांबले. काऊन थांबले हो? एकदा तरी संशय घ्यायचा होता!

नवी बॅटरी आणली. सेल्फच्या आत नवे ब्रश टाकले. दोन पोरं लावून सेल्फ खाली उतरवला, ओट्यावर पेपर अंथरून खोलला, पुसला, ग्रीस लावलं. बाहेर बॅटरीला जोडला की गरगर फिरायचा, गाडीत बसवला की ढिम्म. तुम्ही हाताकडे पाहत म्हणायचे, "बाहेर फिरते, आत काऊन नाही फिरत? माहं बसवनंच चुकून राह्यलं." दर वेळी तुम्ही "मार" म्हणायचे आणि मी चावी फिरवायची. माहीत असून फिरवायची.

त्या हिवाळ्यात हायवेवरचा टेम्पोवाला दाराशी आला. "आबा, सेल्फ उचलून नाही राह्यला, जरा पाहाल का?" असं कोणी आलं की तुम्ही ताटावरून उठून जायचे. त्या दिवशी खाटेवरून हलले नाही. "मिस्तरीले बोलाव बापा. माह्या हातात आता काही राह्यलं नाही." मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. चैत्रात तुम्ही गेले.

थोडी चूक तुमचीही आहे हं, मामाजी. डोळ्यांचा विषय काढला की ताट सरकवायचे, मग सांगणार कोण? पण सांगायला पाहिजेच होतं. समोर उभं राहून म्हणायचं होतं, "मामाजी, तुम्हाले दिसत नाही, चाबी द्या." तुम्ही भडकले असते, दोन दिवस जेवले नसते. पण तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ट्रॅक्टरपाशी पाना घेऊन उभे राहिले असते! आम्हाला फक्त चावी काढून घ्यायची होती. तुमचा हातांवरचा भरवसाच काढून घेतला.

आज किसनदादा गेल्यावर मी गाडीखाली गेले. ट्यूब काढून फेकली, पट्टी आवळली, ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. इंजिन काही लागलं नाही, पेट्रोल उडून गेलं असेल. पण सेल्फ असा गरगर फिरला, मामाजी! तुम्ही खोललेला, तुम्ही बसवलेला. काही म्हणजे काही चुकलं नव्हतं तुमचं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

तुमचा लेक धावत आला. तेव्हा मी काय केलं होतं, ते त्याला आज समजलं. उद्या पंगतीत सांगते म्हटलं तर म्हणाला, "आता सांगून काय फायदा? लोक तुले नावं ठेवतील. बाबा त गेले."

ठेवू देत. उद्या पंगत बसली की वाढायच्या आधी मी उभी राहणार. त्या टेम्पोवाल्यालाही निरोप धाडलाय. सगळ्यांना सांगेन की आबांच्या हातात शेवटपर्यंत कसूर नव्हती, खोट माझ्या बोलण्यात होती. तुमच्या लेकाचं नाव घेणार नाही, कारण हात माझे होते. आई कदाचित माझ्याशी बोलणं सोडतील. चारचौघांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण अर्ध्यात बसणार नाही.

तुम्ही होते तेव्हा एकट्या तुम्हाला सांगितलं असतं तर भागलं असतं. आता साऱ्या गावाला सांगायचं, आणि ऐकायला तुम्हीच नाही. तरी सांगेन. तुमची शपथ.

तुमची,
सूनबाई