बिनमिठाची झाडं

प्रिय मृणाली,

तुला आशीर्वाद, आणि आमच्या छकुलीच्या दोन्ही गालांना एकेक पापा. रोज फोनवर बोलणं होत असताना सासूला पत्राचं खूळ कुठून आलं, असं म्हणशील. अगं, फोनवर विहीणबाई स्पीकर लावून बसतात. मी नुसतं "जेवलीस का" विचारलं तरी तुझी आई, काकू आणि शेजारीण मिळून उत्तर देतात. मला जे सांगायचंय ते तुझ्या एकटीला सांगायचंय. म्हणून तुझा निलेश डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला गेला तशी कागद घेऊन बसले.

परवा तू सहज बोलून गेलीस की, "आई, झाडं नाही जगली तर जाऊ द्या, मी लॅब सोडूनच देते." तू सहज बोललीस, पण मला ते टोचलं. सातव्या महिन्यात माहेरी निघताना त्या जेलीच्या बाटल्या माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस, ते मी विसरले नाही. रोह्याच्या लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली ही माश्या खाणारी झाडं साध्या घरात, साध्या हवेत जगवून दाखवायची. जगली तर लॅबच्या दिपिका मॅडम पुढच्या बाटल्या आपल्या घरी पाठवणार, आणि तान्ह्या पोरीला सोडून तुला रोजची रोह्याची गाडी पकडावी लागणार नाही. मेली, तर नोकरी तरी सोडायची नाहीतर पोरीला तरी. एवढं सगळं त्या नखाएवढ्या रोपांवर टांगून तू ओटीतला नारळ सांभाळत रिक्षात बसलीस. आणि जाता जाता सांगतेस काय, तर "आई, हात लावायच्या आधी हात धुवा हं!"

तेव्हा मी चिडले होते. मिठागरावर पाट्या वाहण्यात जन्म गेला माझा, हात कसे धुवायचे ते आता सून शिकवणार! पण मग पहिली बाटली उघडली. खरवसासारखी ती जेली आणि त्यात धाग्याहून बारीक मुळं. कोलंबीचा दोरा काढतात तशा हलक्या बोटांनी मी जेली धुऊन काढली, तू दाखवलं होतंस तसं एकेक रोप कपातल्या मॉसमध्ये, त्या सुक्या शेवाळात, बसवलं आणि झाकणाच्या डब्यात घालून ट्यूबलाइटखाली ठेवलं. टीव्हीची जागा त्यांना दिली, टीव्ही आता फ्रिजवर चढलाय. शेजारची मालू येऊन म्हणाली, "गो बायजे, पोर येनार त्या घरात असली भुकेली झाडं कशाला ठेवतंस?" मी म्हटलं, "ती माश्या खातात, मानसं नाय. मानसं खायाला तू हायस की!" दोन दिवस बोलत नव्हती.

नंतर तिच्याशीच गोड बोलावं लागलं, कारण तिच्याकडे एसी आहे. तू बजावलं होतंस की नळाचं पाणी या झाडांना चालत नाही, पाण्यातला खारटपणा त्यांना मारतो. उन्हाळ्यात मग मालूच्या एसीच्या नळीखाली डबा लावून मी थेंब थेंब गोळा करायचे. पाऊस लागल्यावर पत्र्याखाली पातेली मांडली. तेव्हा माझं मलाच हसू आलं. आपल्या मिठागरावर अवेळी पाऊस आला की सगळं तयार मीठ वाहून जायचं, आम्ही बाया पावसाला काय काय शिव्या घालायचो! आणि आता मीच पातेलं धरून त्याची वाट बघत होते. मिठावर जगलेल्या घरात, मृणाली, तू बिनमिठाची झाडं आणलीस.

बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून रोज झाकण थोडं थोडं जास्त उघडायचं, हे काम मला फार आवडायला लागलं. एका बाटलीतली सगळी रोपं मात्र बुरशीने गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. हे निलेशला ठाऊक नाही, तूही सांगू नकोस. पण बाकीच्यांनी मान धरली. झाकण काढून ठेवलं तरी ती ताठ राहिली, आणि प्रत्येकाला बारीक दातांचे हिरवे जबडे फुटले.

आणि मग तुझ्या सासऱ्यांनी पराक्रम केला. श्रावण लागला, घरात मच्छी बंद. ह्यांचा सुक्या जवळ्याचा डबा फळीवर नुसता पडून. जाता येता डब्याकडे बघायचे आणि मग झाडांकडे बघायचे. एक दिवस मी बाजारात गेलेली बघून ह्यांनी सगळ्यात मोठ्या जबड्यांमध्ये एकेक जवळा भरवला! परत येते तो हे झाडांसमोर खुर्ची टाकून बसलेले, जेवणाऱ्याला वाढून बसतात तसे. "उपाशी हायत गो ती," म्हणाले, "आपला श्रावण, तेंचा काय श्रावण हाय?" सगळा जन्म मीठ काढण्यात गेलेल्या माणसाच्या हे डोक्यात आलं नाही की सुका जवळा खारट असतो. आठवड्याच्या आत ते जबडे काळे पडले. मी काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. काळे जबडे कापले, सगळे कप पावसाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, आणि ह्यांना टीव्हीच्या जागेकडे फिरकायची बंदी केली. बिचारे लांबूनच विचारायचे, "हाय का जिती?"

जिती हाय! गेल्या मंगळवारी आंब्याच्या लोणच्यावर घोंघावणारी एक माशी स्वतःहून त्यांच्याकडे गेली. बसली, चालली, आणि खट्कन जबडा मिटला. मी अशी ओरडले की मालू चप्पल न घालता धावत आली. ह्यांचीही बंदी मी तेवढ्यापुरती उठवली. आम्ही तिघं डोकी जुळवून त्या मिटलेल्या जबड्यातली माशीची तंगडी बघत बसलो. जन्मापासून बाटलीतली गोड जेली चाखलेलं झाड, त्याने आपली आपण पहिली शिकार करून खाल्ली, मला तर आपल्या पोराचा पहिला पगार आल्यासारखं झालं.

काल दिपिका मॅडम येऊन गेल्या. तुला त्यांनी कळवलं नसेल, मीच सांगू नका म्हटलं होतं. एकेक कप उचलून, उजेडात धरून, नवी पानं बोटाने हलवून बघितली. मी पदराचं टोक पिळत उभी. शेवटी म्हणाल्या, "पास! गणपती झाले की बाटल्या पाठवते." तेव्हा तुझी नोकरी तुझ्या घरात आली गं, पोरी. रडू नकोस, दूध पाजताना रडू नये. मी मात्र रडले, ते चालतं.

आता ज्यासाठी लिहितेय ते. तू आलीस की मी पोरीला घेणार आणि तू झाडं घेणार, असंच सगळ्यांनी धरलंय. पोरीला मी घेईनच, पण झाडं मला तुझ्या हाती देऊन टाकायची नाहीत. आजवर मी जे जे काम केलं ते दुसऱ्यांनी नेमून दिलेलं. आवडतं का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. हे काम मला आवडतं. मृणाली, मला तुझ्या हाताखाली कामाला ठेव. तू लॅबमध्ये शिकलेली, तू सांगशील तसं करीन, चुकले तर बोल. पोरीची काळजी करू नकोस. ह्यांनी पाळणा टांगलाय आणि रिकामाच हलवून बघतात. दात आल्याशिवाय तिला जवळा भरवणार नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तुला पटत असेल तर स्पीकरवर काही बोलायला नको. उद्या फोन लागला की सगळ्यांदेखत मला फक्त एवढंच दरडावून विचार, "आई, हात धुतलेत का?" मी समजेन की कामाला लागले.

तुझीच,
अजून तरी नुसती सासू,
बायजाबाई
रामवाडी, पेण