थांबण्यास मनाई असलेल्या जागी

झोम्बा, मंगळवार

आदरणीय मामा,

झिओनेचा गुडघे टेकून नमस्कार. तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे आहोत (नसाल तर आधी तेच कळवा, पुढचं वाचायची घाई नाही). तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा रक्तदाब? तुमच्याकडे न्चेऊला यंदा बटाटा कसा आला? आई बरी आहे, पण मी गाडी काढली की ती अंगणात बसून प्रार्थना करते, आणि मोठ्याने करते, त्यामुळे मी निघाले हे चार घरांना कळतं.

माझा डिक्सन देवाघरी गेल्यावर तुम्ही घरच्या बैठकीत सांगितलंत की त्याची गाडी ही आंब्याखाली कोंबड्यांनी अंडी घालायची वस्तू नव्हे. झिओनेने ख्रिसमसपर्यंत लायसन्स काढावं, नाहीतर गाडी वायसनला द्यावी. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. (वायसन एका हाताने गाडी चालवतो, कारण दुसरा हात ओळखीच्यांना दाखवायला लागतो, एवढंच म्हणते. भाऊच आहे तो माझा.) परीक्षा काल झाली. तिचं काय झालं ते वायसनच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र आजच न्चेऊच्या बसवाल्याच्या हाती देते आहे.

रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. तांबड्या काठाचा त्रिकोण म्हणजे सांभाळ, तांबडं वर्तुळ म्हणजे करू नकोस, निळं वर्तुळ म्हणजे कर. त्रेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की जगात सांभाळण्यासारखं इतकं काही आहे आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी पाटी रंगवून ठेवली आहे. दगड पडतील. गुरं आडवी येतील. रस्ता अरुंद होईल. पुढे वळण, आणि ते कसंबसं पार पडलं की लगेच उलटं वळण. वाचून वाचून माझी भूक गेली. भाजी चिरायला बसले तरी टोमॅटोच्या फोडीत त्रिकोण दिसायचा. आई म्हणाली, "अगं, लग्नाला उभी राहतानासुद्धा एवढी घाबरली नव्हतीस." तेव्हा पाट्या कुठे होत्या?

परीक्षक होते श्री. कालोंगा. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागद लावलेली फळी, चेहऱ्यावर कसलीही खूण नाही. पहिले दोन किलोमीटर मी उत्तम चालवली (असं मला वाटलं, ते मात्र दरवाजाचा दांडा धरून होते). बाजार मागे पडला आणि बाजूच्या रस्त्याने एक मयत आमच्या पुढ्यात आलं. पुढे डहाळ्या बांधलेला पिकअप, मागे गाणाऱ्या बायका, त्यांच्यामागे पुरुष. मयत दिसल्यावर माणूस काय करतो, मामा? तुम्हीच शिकवलंत आम्हाला. मी गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, मान खाली घातली. कालोंगांनी टोपी काढली.

तेवढ्यात आमच्या चर्चमध्ये गाणारी एनिफा खिडकीशी आली. "देवानेच पाठवलं तुला. या म्हाताऱ्यांचे पाय गेलेत, घे यांना स्मशानापर्यंत." मी म्हटलं, बाई गं, माझी परीक्षा चालू आहे. ती म्हणाली, "त्याची संपली. तुझी होईल सावकाश." तोवर तीन आज्या आणि एक भलंमोठं पातेलं मागे बसलंही होतं. नाही कसं म्हणणार? त्यातल्या फॅग्नेस आजीने कालोंगांच्या खांद्यावर टिचकी मारली. "काय जावईबापू, बायको गाडी हाकतेय आणि तुम्ही चिठ्ठ्या लिहिताय?" कालोंगा म्हणाले, मी सरकारी परीक्षक आहे. "असू दे हो," आजी म्हणाली, "माझाही नवरा बिनकामाचाच होता." बाकीच्या दोघी हसल्या, मग मयत आठवून गप्प झाल्या.

स्मशानात तो इस्त्रीचा शर्ट पाहून गावप्रमुखाने कालोंगांना 'कचेरीतर्फे दोन शब्द' बोलायला उभं केलं. ते तर गेलेल्या माणसाला ओळखतही नव्हते. म्हणून ते दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडण्याबद्दल बोलले, चांगली सात मिनिटं, आणि शेवटी त्यांचाच आवाज भरून आला. बायका रडल्या. नंतर मयताच्या घरी आम्ही सगळ्यांबरोबर बसून मक्याचा न्सिमा आणि घेवडा खाल्ला. मला वाटलं, एका ताटात जेवल्यावर हा माणूस मला कसा नापास करेल?

केलं. कारण असं लिहिलंय: थांबण्यास मनाई असलेल्या जागी थांबली. मी जिथे मान खाली घातली, तिथेच ती पाटी डोक्यावर होती. मी विचारलं, साहेब, मग मयत आलं तर करायचं काय? ते म्हणाले, "बाई, मीही थांबलोच असतो. पण पुस्तकात मयताची पाटी नाही." मग स्वतःहून परवाची, गुरुवारची तारीख लिहिली. त्यानंतरची थेट जानेवारीत आहे, म्हणजे तुमच्या मुदतीच्या पलीकडे.

मी खचलेली नाही. घाबरलेलीही नाही. तुम्ही मुळीच काळजी करू नका.

तुमची भाची,
झिओने

ता. क. घाबरले आहे. शिकवणारे मास्तर कालच्या निकालानंतर यायला तयार नाहीत, आणि लायसन्सवाला माणूस शेजारी असल्याशिवाय मला फाटकाबाहेर गाडी काढता येत नाही. गुरुवारी सकाळी तुम्ही येऊन बसाल का? वायसनला आणू नका.

आणखी ता. क. आलात की आधी एक काम करा. चालकाची सीट अजून डिक्सनच्या लांब पायांच्या मापाने मागे आहे. पाठीशी दोन उशा घेते, तरी ब्रेकला माझी बोटंच पोचतात. आईला, मास्तरांना, सगळ्यांना मी सांगितलंय की सीटखालचा दांडा गंजून अडकलाय. मी आत चहा करत असेन तेवढ्यात तुम्ही ती पुढे ओढून ठेवा, मला हाक मारू नका. जोर लावावा लागणार नाही. दांडा गंजलेला नाही, मामा. मी दर रविवारी त्याला तेल घालते.