वहिनीची ओळ

१२ जानेवारी
नेरजवळ एका हळदीले साउंड लावायले गेलतो. दोघी नणंद-भावजय माइकपाशी आल्या. मंगला अन् तिची नणंद रेश्मा. कापूस वेचताना स्वतःच जुळवलेलं गाणं, 'पांढरं रान'. एक ओळ रेश्माची, एक मंगलाची, शेवटची दोघी मिळून. त्या शेवटच्या ओळीत मले तिसरा आवाज ऐकू आला. बारीक, वरचा. वायरिंग तपासलं, मशीनचा गुणगुणाट नाही. भोंगे पुसण्यापासून सुरुवात केली मी, कोणता स्पीकर कण्हते ते लांबून सांगतो. हा माणसाचा गळा होता. अन् तिसरं माणूस नव्हतं.
जेवलो नाही नीट.

१५ जाने.
त्यांच्या घरी. म्हटलं, माझ्या स्टुडिओत या, गाणं काढू, मोबाइलवर सगळीकडं सोडू. रेश्माचे वडील देवरावजी म्हणे पोरगी उमरखेडले दिली, महिन्याभरात लग्न, ते लोक काय म्हणतीन. मी चहा पीत चुप राह्यलो. धंद्यात एवढंच शिकलो. शेवटी म्हणे, मी सोबत येऊन बसीन. रेश्मा आतून म्हणते, बाबा बसतीन तं घोरतीन, तेही रेकॉर्ड होईन.
निघताना मंगला फाटकाशी आली. "भाऊ, लग्नाच्या आत घ्या. रेश्मा गेली की मी कोनासंगं म्हणू?"

२२ जाने.
आज रेकॉर्डिंग. दुपारपर्यंत नुसता सत्यानाश. राजूनं (आपला कीबोर्डवाला, कॉम्प्युटरही तोच पाहते) दोघींले वेगवेगळ्या खोलीत उभं केलं, कानाले हेडफोन. रेश्मा ठीक. मंगला पार रस्ता सोडून. माइक बदलला, वायर बदलली. राजू म्हणे, भाऊ, बाईले सूरच नाही. मी म्हटलं हळदीत होता, दहा दिवसांत कुठं गेला?
मग दिसलं. समोर खुर्चीवर सासरे, म्हणून तिच्या डोक्यावर पदर. अन् हेडफोन त्या पदरावरून. जरीचा जाड काठ बरोबर कानावर दुमडलेला. तिले रेश्मा ऐकूच येत नव्हती. सासऱ्यासमोर पदर काढू कशी, अन् सांगू तरी कशी? अन् आम्ही दोन शहाणे माइक बदलून राह्यलो.
देवरावजींले म्हटलं चला, बाहेर चहा घेऊ. पायरीवर बसवलं. आत आलो तं हेडफोन जमिनीवर, मंगला माइकसकट रेश्माच्या खोलीत, दोघी समोरासमोर. हात कापूस वेचल्यासारखे चालू. राजूले नुसती खूण केली. एका दमात झालं.
शेवटच्या ओळीत तो आला. तिसरा.
बाहेर देवरावजींचा चहा तसाच. साय धरलेला.

२४ जाने.
राजूनं दोघींचे आवाज कॉम्प्युटरवर सरळ करून आणले. शहरातल्या गाण्यासारखं, चकचकीत. तिसरा गायब.
"भाऊ, सूर आता बरोब्बर आहे."
"सूर आहे रे. माणूस गेलं."
मग मूळचं लावलं. कान लावून ऐकलं त्यानं, परत ऐकलं. एकटीचा माइक जास्त केला तं नाही, दुसरीचा केला तं नाही. दोन्ही बरोबरीनं, की हजर. राजू कोणाले मानत नाही, पण कानाले हात लावला. तो म्हणते याले शास्त्र आहे, दोन सूर जवळ आले की होते. असन. मले तं देवळात उभं राह्यल्यासारखं झालं.
ठरलं: आवाजाले हात लावायचा नाही. खाली हलगी अन् थोडा कीबोर्ड, बस.

८ फेब्रुवारी
रेश्माचं लग्न. साउंड माझाच. 'पांढरं रान' लावलं नाही. देवरावजींचा शब्द, जावयाले विचारल्याशिवाय नाही. मंगला पाठवणीच्या वेळी रडली नाही. गाडी वळली तरी रस्त्यावरच उभी.

२० फेब्रु.
जावयाचा होकार आला. सासूबाईंचा निरोपही सोबत: एक झालं ते झालं, पुढं नको. आज सोडलं. गाणाऱ्यांचं नाव, 'नणंद-भावजय'.

१ मार्च
बसस्टँडवर रसवंतीवाल्याच्या मोबाइलात वाजत होतं. एक म्हातारी शेवटच्या ओळीले मागं वळून पाहे. म्हणे, "अजून कोन म्हनून राह्यलं?" उसाचा रस हातात धरून उभा राह्यलो.
दुसऱ्या गाण्यासाठी लोक विचारतात. मंगलाले विचारलं, एकटी म्हणशीन का? म्हणे, अर्धं कसं म्हणू भाऊ.

१९ मार्च
जावयाचा फोन. आधी इकडचं तिकडचं बोलला, हवा, तूर. मग म्हणे, रेश्मा रोज पोळ्या करता करता गाते. आपली ओळ म्हणते अन् थांबते. वहिनीची ओळ होईन इतकी थांबते, मग पुढची. मले आधी वाटलं विसरते. आता आईचंही लाटणं तेवढ्या वेळ थांबते.
मी म्हटलं, मग विचारा ना आईले, दुसऱ्या गाण्यासाठी रेश्माले नेरले पाठवता का म्हणून.
मागं सैपाकघरातून रेश्माचा आवाज येत होता. मग वहिनीच्या ओळीपाशी तो थांबला.
"विचारतो," हळू म्हणे. "आत्ता नाही. आत्ता आई ऐकून राह्यली."