मकरंदचं नाव बोर्डावर का नाही

शनिवार, ८ मार्च २०२५

आज मकरंदनं चेंडू कुंपणाबाहेर मारला. कुंपणाबाहेर म्हणजे पार नदीच्या बांधावर! कुणाचा तरी कुत्रा तो तोंडात धरून पळाला, तर क्लबातली मंडळी त्या कुत्र्यालाच टाळ्या वाजवत बसली. नवरा माझा, कौतुक कुत्र्याचं.

जळगावला विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेला माणूस हा. देश सोडून इथे लोअर हटला आल्यापासून दर उन्हाळ्यात ह्या लोकांना मॅचेस जिंकून देतोय. क्लबहाऊसच्या भिंतीवर एक लाकडी बोर्ड आहे — प्लेअर ऑफ द इयर, दर वर्षी एक नाव, सोनेरी अक्षरांत. त्यात मकरंद चौधरी कुठेही नाही! ज्यांना धड बॅट धरता येत नाही त्यांची नावं आहेत. जूनमध्ये ह्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग खेळ बंद. म्हणजे यंदा नाव लागलं तर लागलं, नाहीतर कधीच नाही.

बुधवार, १२ मार्च

मकरंदला विचारलं, बक्षिसाचं काही कानावर आलं का? म्हणाला, "भाजी छान झालीये." भाजी कालची होती.

शनिवार, २९ मार्च

ब्रेट!!

यंदाचं बक्षीस ब्रेटला दिलं. त्याचं कर्तृत्व काय, तर चेंडूला नुसती बॅट टेकवायची आणि जीव खाऊन पळत सुटायचं. शिवाय मॅचनंतर सॉसेजेस भाजतो म्हणे. मग आचाऱ्याचं बक्षीस द्या ना! जांडल्स, म्हणजे त्या रबरी चपला, घालून आला स्टेजवर. बायको त्याची रडली. मला वाटलं, आता हिला कुणीतरी पाणी द्या आणि आम्हाला घरी सोडा.

सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? आमचे साहेब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, ३० मार्च

सकाळपासून लॉन कापतोय. शीळ घालत! म्हणे, "अगं, ब्रेट चांगलाच खेळतो." ह्याला सगळेच चांगले वाटतात. ह्या माणसाला राग नावाची वस्तू देवानं दिलेलीच नाही, दोघांच्या वाट्याची मलाच आली.

बुधवार, २ एप्रिल

टाकानिनीहून जगदीशचा फोन. माझा धाकटा दीर — कोचावर आडवं पडून ह्याला जगातले सगळे खेळ कळतात. म्हणतो, "वहिनी, दादा फक्त बॅटिंगला उतरतो ना? गुडघ्यामुळे फील्डिंग करतच नाही. म्हणजे तसा हाफ प्लेअरच झाला. तो ब्रेट दोन्हीकडे राबतो."

हाफ! सख्खा भाऊ बोलतोय हे! मी म्हटलं, मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं दवाखान्याची फरशीही पुसायची का? मग म्हणतो, "नाहीतर आपलं नाव त्यांना उच्चारता येत नसेल." हे मात्र पटलं. क्लबातले सगळे मकरंदला 'मॅक' म्हणतात, ते ऐकून माझे कान किटलेत.

रविवार, ६ एप्रिल

दूध संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले, तर पुढ्यात ग्रॅहम. क्लबचा अध्यक्ष, बक्षिसं हाच ठरवतो. "किया ओरा, नीता!" म्हणाला. मी सरळ विचारलं, माझ्या नवऱ्यात काय कमी आहे?

तो म्हणाला, "पण आम्ही दर वर्षी आधी मॅकलाच फोन करतो! तो म्हणतो, नो नो, दुसऱ्या कुणाला तरी द्या. मग मी म्हणतो, स्वीट ॲज."

स्वीट ॲज, म्हणजे 'झकास, चालेल'!! कपाळावर हात मारून घेतला मी. नको-नको! आमच्यात पहिल्या खेपेला हो म्हणतं का कुणी? आणि हे बावळट नाही म्हटल्यावर खरंच फोन ठेवून देतात! एवढी वर्षं!

मग तिथेच, ब्रेडच्या रॅकपाशी उभं राहून, त्याला आग्रह म्हणजे काय ते शिकवलं. पहिलं नाही — कानाआड करायचं. दुसरं नाही म्हणजे घरचं वळण. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस हळूच ताट पुढे करतो. ग्रॅहम म्हणाला, "आणि खरंच नको असेल तर?" ह्या लोकांना कुठलीही गोष्ट फोड करून सांगावी लागते.

बोर्ड रंगवणारा मे महिन्यात येतो. ग्रॅहम म्हणाला, नाव बदलता येईल, ब्रेटनंच सांगितलंय की बक्षीस मॅकचं आहे. मोठा आला दानशूर! पण चालेल.

बुधवार, ९ एप्रिल

ग्रॅहम संध्याकाळी घरी आला. शंकरपाळे पुढे केले तर पहिल्याच 'घ्या'ला मूठ भरून घेतले. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

मग विचारलं त्यानं. मकरंद म्हणाला, "नो, नो." मी ग्रॅहमला डोळ्यानं खुणावलं. त्यानं पुन्हा विचारलं. "नो, ग्रॅहम. रिअली." तिसऱ्यांदा तर बिचाऱ्यानं मकरंदच्या खांद्यावर हात ठेवला, क्लबसाठी त्यानं काय काय केलं ते सगळं बोलून दाखवलं. मकरंद नाही म्हणाला. हसत नव्हता.

ग्रॅहमनं माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी त्याला शिकवलंच नव्हतं. शिकवणार काय?

तो गेल्यावर मकरंदनं कप विसळले आणि आत गेला.

शनिवार, १२ एप्रिल

आज क्लबचं कुंपण रंगवायला सगळे जमणार होते. दारात बूट घालता घालता म्हणाला, "नीता, तू सगळ्यांना मार्क देतेस. ब्रेटला, जगदीशला, मला. क्लबात मला कुणी मार्क देत नाही. बोर्डावर नाव लागलं असतं, तर तिथेही तुझं मार्क देणं सुरू झालं असतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

मी विचारलं, "मी येऊ का?"

म्हणाला, "नको."

मी पुन्हा विचारलं नाही.